शून्य नव्हे, सहाशे बारा

माझ्याच लाँड्रीच्या आवारात, माझ्याच भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या एका परक्या माणसानं मला – मला! – ओठांवर बोट ठेवून गप्प बसायला सांगितलं. आमची ओळख झाली ती अशी.

सकाळचे साडेसात वाजले होते. हवेत गारवा होता आणि मागच्या बोळात आमच्या पाइपांतून सुटलेली पांढरी वाफ रेंगाळत होती. मी मागच्या दारानं आत शिरणार, तोच हा दिसला. उंच, किडकिडीत, कानांवर भलेमोठे हेडफोन, हातात पिस्तुलासारखं काहीतरी, आणि त्याचं टोक आमच्या पाइपावर रोखलेलं.

"कोण हो तुम्ही? इथं काय करताय?"

त्यानं वळूनही पाहिलं नाही. फक्त ते बोट. ओठांवर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ पुढं झाले आणि त्याच्या एका कानावरचा हेडफोन उचलला. "ही लाँड्री माझी आहे. आता बोला."

तो दचकला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे... सांगायलाच हवं का? बरं, सांगते. शांत होते. इतके शांत, की मला त्यांचाही राग आला.

"माफ करा," तो म्हणाला. "तुमची वाफ ओरडतेय."

"काय?"

"ऐका ना." आणि मी नको म्हणायच्या आत त्यानं हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवला. आत एक मांजर फिस्कारत होतं. न थांबता, न दमता.

"ही झडप," तो म्हणाला. "हिनं फक्त थंड झालेलं पाणी बाहेर सोडायचं आणि वाफ आत अडवायची. पण ही उघडीच अडकलीय. या एका भिंतीवर अशा अकरा आहेत. मी शेजारी खोक्यांच्या कारखान्यात मोजणीला आलो होतो, पण तुमचा आवाज इतका मोठा—"

"माझा आवाज?"

"तुमच्या वाफेचा." तो किंचित हसला. "तुमचा यात ऐकू येत नाही. हे यंत्र फक्त गळती ऐकतं."

"मग गळती सोडा आणि फाटक गाठा."

तो गेला. अगदी सरळ गेला, आणि त्याचाही मला राग आला. थोडी तरी हुज्जत घालायची!

आता माझ्या रागाबद्दल सांगून टाकते. तो माझ्या नाकावर नसतो, माझ्या कानांत असतो. कान लालबुंद होतात आणि सगळ्या लाँड्रीला कळतं. इस्त्रीच्या विभागाची प्रमुख माझी सख्खी आत्या. तिनं मला त्या दिवशी आत येताना पाहिलं आणि बाकीच्या बायकांना म्हणाली, "आज कुणी रजा मागू नका गं."

बाबांनी दोन मशिनांवर सुरू केलेली ही लाँड्री. मी आणि दादानं ती सहा वर्षांत अडतीस माणसांची केली. शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी, गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं आमच्याकडे. रोज पाच टन. धुलाई मी बघते, गिऱ्हाइकं दादा बघतो. काम इतकं वाढलं होतं की दुप्पट मोठा दुसरा बॉयलर घ्यायचं ठरत आलं होतं.

आणि त्याच आठवड्यात हॉस्पिटलचं पत्र आलं.

पत्र कसलं, सतरा पानांचा फॉर्म! तुमच्या व्यवसायातून वर्षाला किती कार्बन हवेत जातो? तो कमी करण्याची तुमची योजना काय? तीन महिन्यांत उत्तर द्या. न दिल्यास पुढच्या करारासाठी विचार होणार नाही. खाली खरेदी विभागाच्या मॅडमची सही.

मी ते पत्र टेबलावर आपटलं. "यांच्याकडे चारशे माणसांचं ऑफिस आहे, सतरा पानं लिहायला वेगळा विभाग आहे. आपल्याकडे कोण आहे? मी! सकाळी बॉयलर, दुपारी व्हॅन, संध्याकाळी फाटलेल्या चादरी. धूर काढणारे मोठे राहिले बाजूला, आणि जाब कोणाला? धोब्याला!"

"चिडू नकोस," दादा म्हणाला. त्याचा आवाज नेहमी नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखा. "माझ्याकडे उपाय आहे. एक संस्था आहे, आपल्या नावानं झाडं लावते. सर्टिफिकेट देते. व्हॅनवर हिरवं पान काढायचं, खाली लिहायचं, शून्य कार्बन धुलाई. झालं."

"आणि आपला बॉयलर?"

"बॉयलरचं काय? तो आत आहे. पान बाहेर आहे."

मला ते पटलं नाही, पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नव्हतं. दोन दिवस मी त्या सतरा पानांकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोक्यांच्या कारखान्यात गेले आणि शक्य तितक्या बेफिकीर आवाजात विचारलं, "तो तुमचा... कानाला लावून ऐकणारा... त्याचा नंबर आहे का?"

तो आला, तेव्हा हातात तेच पिस्तूल आणि पाठीवर पिशवी. आमच्या बॉयलरकाकांनी त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नाव ठेवून टाकलं, 'कानवाला'. तेच टिकलं.

"सतरा पानं बाजूला ठेवा," कानवाला म्हणाला. "आधी गेल्या वर्षाची गॅसची, विजेची बिलं आणि व्हॅनच्या डिझेलच्या नोंदी काढा. तीन गठ्ठे. तुमच्या आकाराच्या कंपनीचं ऐंशी टक्के उत्तर तिथंच असतं."

"आणि उरलेलं वीस?"

"ते नंतर. ज्यांना पहिल्याच दिवशी सगळं मोजायचं असतं ते काहीच करत नाहीत. फक्त मोजतात."

"तुम्ही स्वतः मोजणीवाले ना?"

"म्हणूनच माहीत आहे."

हे असं होतं. मी टोचायला जावं आणि सुई त्यानं शांतपणे हातात घेऊन ठेवावी.

चार दिवस लागले. आकडा आला, वर्षाला सहाशे बारा टन. त्यातला तीन चतुर्थांश एकट्या बॉयलरचा. मी तो आकडा पाहिला आणि कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. आम्ही तर स्वच्छतेचं काम करतो! लोकांच्या अंगाखालची चादर शुभ्र करून पाठवतो. सहाशे बारा?

"हा चुकलाय," मी म्हणाले.

"नाही चुकला."

"पुन्हा मोजा."

"दोनदा मोजलाय." मग जरा थांबून... "वाईट वाटतंय ना? वाटू द्या. ज्यांना वाटत नाही त्यांच्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही."

म्हणजे माझ्याकडे दुसऱ्यांदा येणार होता. हे माझ्या लक्षात आलं ते तो गेल्यावर अर्ध्या तासानं, चादरी मोजताना. मोजणी चुकली. आत्यानं वर पाहिलं. "कान लाल आहेत तुझे," ती म्हणाली, "पण तोंड रागावलेलं नाही. काय भानगड आहे?"

दुसऱ्यांदा तो रविवारी दुपारी आला. मशिनं बंद होती, बॉयलर तेवढा चालू ठेवला होता. गळती ऐकायला शांतता लागते. रिकाम्या शेडमध्ये आम्ही दोघंच पाइपांच्या कडेकडेनं फिरत होतो. तो पुढं, हेडफोन लावून. मी मागं, लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन. प्रत्येक गळतीवर एक चिठ्ठी, तिच्यावर नंबर. बॉयलरकाका दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. निदान पेपर उभा तरी धरलेला होता.

"दुसरा बॉयलर कशाला घेताय?" त्यानं एकाएकी विचारलं.

"काम वाढलंय. वाफ पुरत नाही."

"वाफ पुरते. तुम्ही ती बोळात सोडताय. झडपा बदला, उघड्या पाइपांना ऊब धरणारी गुंडाळी करा, इस्त्रीतून येणारं गरम पाणी गटारात न सोडता परत बॉयलरला पाजा. मग सांगा पुरते की नाही." तो थांबला. "तुमच्यासारख्या वाढत्या कंपन्यांची हीच तर वेळ असते. जे यंत्र आज घ्याल ते वीस वर्षं मानगुटीवर बसेल. जुनं दुरुस्त करणं अवघड नसतं. चुकीचं नवं घेतलं की संपलं."

"तुम्ही सगळ्यांशी असंच बोलता? जाऊन सरळ चुका सांगायच्या?"

"नाही. बाकीच्यांशी फार कमी बोलतो."

पाइप गरम होता म्हणून असेल, माझे गाल तापले. मी घाईघाईनं पुढची चिठ्ठी त्याच्या हातात दिली. बोटांना बोटं लागली... आणि दोघांनीही एकाच वेळी मागे घेतली. चिठ्ठी खाली पडली. दाराशी पेपरचं पान उलटल्याचा जरुरीपेक्षा मोठा आवाज झाला.

त्या दिवशी छत्तीस गळत्या सापडल्या. सोमवारी सकाळी माझ्या खुर्चीच्या पाठीला सदतिसावी चिठ्ठी बांधलेली होती. तिच्यावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'क्रमांक ३७. दाब जास्त. अधूनमधून आवाज करते. दुरुस्तीची गरज नाही. अशीच राहू द्यावी.'

मी ती कुणाला दाखवली नाही. आत्याला तरीही कळली.

दोन महिने कसे गेले सांगता येणार नाही. झडपा बदलल्या. पाइपांना गुंडाळ्या चढल्या. बॉयलरकाका, ज्यांनी पहिल्या दिवशी 'हा कालचा मुलगा मला वाफ शिकवणार' म्हणून तोंड फिरवलं होतं, ते आता रोज सकाळी गॅसचा मीटर वाचून आकडा खडूनं भिंतीवर लिहायला लागले आणि कालच्यापेक्षा कमी आला की मिशीतल्या मिशीत हसायला लागले. एक किलो कपड्यामागे लागणारा गॅस पाचव्या हिश्शानं खाली आला. दुसऱ्या बॉयलरची ऑर्डर मी थांबवली.

आणि आम्ही भांडत होतो. खूप. मी म्हणायचे, एकूण आकडा कशाला दाखवायचा, काम वाढलं की तो वाढणारच. किलोमागचा दाखवू, तो चांगला दिसतो. तो म्हणायचा, दोन्ही दाखवायचे. "किलोमागचा आकडा तुमची मेहनत सांगतो. एकूण आकडा हवेला काय झालं ते सांगतो. हवेला तुमच्या मेहनतीशी काय देणंघेणं?"

"किती रुक्ष आहात हो तुम्ही!"

"आहे," तो कबूल करायचा. आणि मग खिडकीबाहेर बघत, "रुक्ष माणसाबरोबर चहा घ्याल का?"

घ्यायचे. कोपऱ्यावरच्या टपरीवर, उभ्यानं. तो बिनसाखरेचा, मी दोन चमचे. एकदा त्याच्या कपातला घोट मी चुकून घेतला आणि तोंड वाकडं केलं, तेव्हा तो इतका मोकळा हसला की टपरीवाल्यानंही मान वर केली. त्या हसण्यावर मी पुढचे चार दिवस काढले.

मग तो गुरुवार आला.

सकाळी अकराचा सुमार. मी इस्त्रीच्या मोठ्या रुळापाशी उभी होते. गरम चादरींचा वास, बायकांच्या गप्पा, आणि दारात तो. पण चेहरा त्याचा नव्हता. डोळे शांत होते, पण ते वेगळंच शांत होतं... बंद दारासारखं.

त्यानं एक कागद माझ्यासमोर धरला. हॉस्पिटलला गेलेला आमचा अहवाल. वर आमचं नाव. खाली त्याचं नाव, त्याची सही. आणि मध्ये ठळक अक्षरात: एकूण कार्बन, शून्य.

"हॉस्पिटलमधून फोन आला," तो म्हणाला. "विचारत होते, गॅसवर चालणारी लाँड्री शून्यावर कशी आणली, ते बाकीच्या पुरवठादारांना सांगाल का. मला म्हणाले, तुमची सही आहे. मी लिहिलं होतं सहाशे बारा."

"हे मी..." माझी जीभ अडखळली. "हे मी पाठवलं नाही."

"तुमच्या ऑफिसातून गेलंय. एकूण आकडा दाखवायचा नाही, हे तुम्हीच म्हणत होतात."

रूळ फिरत होता. आणि मला – देवाशपथ सांगते – त्या कागदाचा राग यायच्या आधी त्याचा राग आला. दोन महिने. छत्तीस चिठ्ठ्या. इतके चहा. आणि यानं मला एवढंच ओळखलं?

"तुम्हाला वाटतं मी असं करीन?"

तो काही बोलला नाही. आणि ते न बोलणं... ते मला आजही आठवतं.

"तुमचं यंत्र फक्त गळती ऐकतं ना? बरोबर आहे. माणसाचं ऐकायचं तर कान लागतात. जा तुम्ही."

तो गेला. ज्या सरळपणे पहिल्या दिवशी गेला होता, तसाच.

मी दादाच्या केबिनमध्ये शिरले तेव्हा तो फोनवर हसत बोलत होता. मी फोन काढून घेतला आणि ठेवून दिला.

"तू केलंस?"

त्यानं नाही म्हटलं नाही. दादा लबाड आहे, पण माझ्याशी खोटं बोलत नाही. "अगं, त्याची सही शेवटच्या पानावर होती. मी पहिली पानं बदलली. झाडांचं सर्टिफिकेट मी घेतलंय ना, म्हणून शून्य. सगळे असंच करतात. सहाशे बारा लिहून कोण काम देणार आपल्याला? अडतीस घरं आहेत इथं, विसरलीस?"

"अडतीस घरांचं नाव पुढं करून तू एका माणसाची अब्रू वापरलीस, दादा! त्याच्याकडे तेवढंच होतं. त्याचं नाव. त्यावर विश्वास ठेवून लोक त्याला दारात घेतात. आणि बॉयलरकाका? ते रोज भिंतीवर आकडा लिहितात. त्यांना काय सांगायचं, काका पुसा, तो मुळात शून्यच होता?"

दादानं टेबलावरचं सर्टिफिकेट उलटं करून ठेवलं.

"मला वाटलं," तो हळूच म्हणाला, "आपण एवढेसे आहोत. आपल्याला कोण बघतंय?"

"मी बघतेय!" मी ओरडले, आणि ओरडता ओरडता रडले. ते दोन्ही माझ्याकडे एकदमच येतं.

पुढच्या मंगळवारी हॉस्पिटलनं सगळ्या पुरवठादारांना बोलावलं होतं. मोठा हॉल, गारेगार हवा, इतकी गार की बाहेर उकडत असताना आत लोक शाली पांघरून बसले होते. लिफ्टवाले, बागवाले, जेवणाचे कंत्राटदार, खोकीवाले. व्यासपीठावर खरेदी विभागाच्या मॅडम आणि दोन डॉक्टर. आणि शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, तो. शून्य कसं गाठलं ते सांगायला त्यालाही बोलावलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही... म्हणजे दोनदाच पाहिलं.

मॅडम खूश होत्या. "आपल्याकडे काही पुरवठादारांनी तर शून्य गाठलंय," त्या म्हणाल्या आणि आमचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या.

मी उभी राहिले.

"तो आकडा खोटा आहे," मी म्हणाले.

टाळ्या अशा थांबल्या, जणू कुणी बटण दाबलं.

"आमचा आकडा सहाशे बारा आहे. शून्य आमच्या ऑफिसात लिहिलं गेलं. ज्यांची सही आहे त्यांनी ते लिहिलेलं नाही. त्यांना माहीतही नव्हतं. चूक पूर्णपणे आमची. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागते."

मॅडमनी चष्मा काढला. "मग तुमच्या कराराचा आम्हाला—"

"विचार करा. पण माझं बोलणं संपलेलं नाही." कान तापत होते. तापू देत. "दोन महिन्यांत आम्ही छत्तीस गळत्या बुजवल्या. किलोमागचा गॅस पाचव्या हिश्शानं कमी केला. नवा बॉयलर घ्यायचा रद्द केला. याच्या पलीकडे आम्ही जाऊ शकत नाही, आणि का ते मला सांगायचंय. तुमच्या करारात लिहिलंय, प्रत्येक कपडा नव्वद अंशांना धुवायचा. हे कलम माझ्या बाबांच्या काळातलं आहे. पडदेसुद्धा नव्वदला! तुम्ही म्हणता, दिवसातून चार वेळा व्हॅन आली पाहिजे. चारपैकी दोन फेऱ्यांना व्हॅन अर्धी रिकामी असते. रोज आमच्याकडे घडी न मोडलेल्या चादरी परत येतात, कारण वॉर्डात जास्तीच्या मागवून ठेवतात. न वापरलेली चादर आम्ही नव्वद अंशांना उकळतो, वाळवतो, इस्त्री करतो, परत पाठवतो. आणि मग तुम्ही आम्हाला सतरा पानं पाठवून विचारता, तुमचा कार्बन इतका का? त्यातला अर्धा तुमचा आहे, मॅडम! आमच्या धुराड्यातून निघतो, एवढंच!"

लिफ्टवाल्यांनी मान डोलावली.

"आम्ही लहान आहोत. आम्हाला धाकात ठेवणं सोपं आहे. पण धाकानं माणसं शून्य लिहायला शिकतात. तुम्हाला आकडा हवा असेल तर फॉर्म पाठवा. आकडा कमी करायचा असेल तर खाली या, आमच्या शेडमध्ये, आणि आमच्याबरोबर बसा."

मी बसले. शेजारच्या बागवाल्यांनी न बोलता पाण्याची बाटली पुढं केली.

मग व्यासपीठावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पडदे नव्वदला? खरंच लिहिलंय असं?" आणि करार मागवून तिथल्या तिथं वाचायला लागल्या. जेवणवाले उठले, त्यांनी फेकलेल्या ताटांचं सांगितलं. खोकीवाले उठले. तासाभराची सभा अडीच तास चालली. शेवटी मॅडम मला म्हणाल्या, आवाज अजून ताठच होता, "करार सहा महिन्यांचा देऊ. एका वर्षाचा नाही. खोट्या कागदाची किंमत एवढी राहणारच."

"रास्त आहे," मी म्हणाले.

"आणि दोन फेऱ्या. तापमानाचं काय ते चाचणी घेऊन ठरवू." त्यांनी चष्मा परत घातला. "सोमवारी मी तुमच्या शेडमध्ये येते."

बाहेर पडले तेव्हा जिन्याच्या पायरीवर तो बसला होता. मी शेजारून सरळ निघून जाणार होते. खरंच जाणार होते.

"चुकलो मी," तो म्हणाला.

मी थांबले. पाठ फिरवूनच.

"माझ्या नावावर खोटं लिहिलेलं पाहिलं आणि... मला दुसरं काही दिसेना. तुम्ही विचारलंत तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. लगेच. विचार न करता."

"हो. हवं होतं."

"पाच दिवस मी तेच मोजतोय. त्या गप्प बसण्याला किती सेकंद लागले."

"किती लागले?"

"बारा."

मी वळले. "सात! उगीच वाढवून सांगू नका. तुम्हीच म्हणता ना, आकडा खरा हवा?"

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मला हसायचं नव्हतं. मी इतक्या सहजासहजी सोडणार नव्हते. "आणि मला राग आलाय," मी म्हणाले, "फार राग आलाय, कारण त्या पाच दिवसांत मी एकही चहा धड प्यायले नाही, दोनदा मोजणी चुकले, आणि आत्या माझ्याकडे बघून उसासे टाकते. हे सगळं तुमच्यामुळे. मला तुम्ही आवडता, आणि हे मला अजिबात आवडलेलं नाही. आता बोला!"

तो उठून उभा राहिला. जिन्यावरून लोक उतरत होते. बागवाले मुद्दाम हळू उतरत होते.

"मला चार दिवस द्या," तो म्हणाला.

"चार—? मी इथं सगळ्या जगासमोर... आणि तुम्हाला चार दिवस? विचार करायला?"

"विचार करायला नाही हो! आईला सांगायला. ती गावी असते. गाडीनं जायला दीड दिवस, यायला दीड, आणि एक दिवस ती मला बोलणार की एवढे दिवस सांगितलं का नाहीस. विमानानं मी जात नाही, तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. माझ्या प्रेमात पडल्यावरही हा माणूस धुराचा हिशेब सोडणार नव्हता. मला इतका राग आला की मी म्हणाले, "मग मीही येते."

आता आत्याशिवाय मला कोण जाऊ देणार? आत्या म्हणाली, "मी येते, मला मेलीला कुठं काम आहे," आणि इस्त्रीच्या अठरा बायकांना कामं वाटून दोन तासांत बॅग भरून तयार. निघताना आवारात दादा दिसला. मधल्या काळात व्हॅनवर स्वतःच काढून घेतलेलं हिरवं पान पत्र्याच्या पातीनं खरवडत होता, घामाघूम. कानवाला त्याच्याजवळ गेला. दोघं काय बोलले मला कळलं नाही. दादाची मान बराच वेळ खाली होती. मग यानं पिशवी खाली ठेवली, दुसरी पाती घेतली आणि उरलेलं अर्धं पान दोघांनी मिळून काढलं.

गाडी संध्याकाळी पाचला सुटली. समोरच्या बाकावर आत्या शहर मागे पडायच्या आत घोरायला लागली. खरं घोरत होती की नाही, तिलाच ठाऊक. खिडकीबाहेर शेतं तिरप्या उन्हात पळत होती.

"तुमच्या आईला मी आवडले नाही तर?" मी विचारलं.

"ती तुमच्यापेक्षा जास्त चिडते."

"मग तर संपलंच."

"म्हणूनच आवडाल." मग त्यानं माझा हात हातात घेतला. या वेळी कुणीच मागे घेतला नाही. "खिडकी लावू का? वारा लागतोय तुम्हाला..." तो अडखळला. त्याचे कान – पहिल्यांदाच पाहिले मी – चक्क लाल झाले. "...वारा लागतोय तुला?"

बाकावरचं घोरणं क्षणभर थांबलं.

"लागतोय," मी म्हणाले. "पण तू राहू दे उघडी."